संधी दिली, पुढे काय?

हल्ली कॉलेजात काय, बँकेत काय, 'नेतृत्वविकास' या विषयावर शिबिरे होतात. वक्ते पडद्यावर बाण आणि चौकोन दाखवतात, आपण चहा-बिस्किटे घेऊन घरी येतो. मला या विषयाचा खरा धडा मिळाला तो बडोद्यात. भाचीकडे चार दिवस राहायला गेले होते, तेव्हा तिथला इतिहास पुन्हा नीट वाचला.

१८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला. राज्याचे दिवाण होते सर टी. माधवराव. जन्म कुंभकोणमचा, घराणे तंजावरकडचे मराठी. म्हणजे आपल्यासारखेच दोन भाषांत वाढलेले! त्यांनी कारभार तर सांभाळलाच, शिवाय १८८१ मध्ये या तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. त्याच डिसेंबरात सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि पुढच्याच वर्षी माधवराव पायउतार झाले. शिकवले, सोपवले आणि बाजूला झाले. यातले तिसरे काम किती ज्येष्ठांना जमते, ते आपापल्या कार्यालयात पाहावे.

सयाजीरावांनीही तीच रीत ठेवली. ग्रंथालयांसाठी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना आणले, पण त्यांच्याकडून इथली माणसेही तयार करून घेतली. बोर्डन यांच्यानंतर ते काम कुडाळकरांनी पुढे नेले.

१९१३ मध्ये याच महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. अट एकच, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. हा भाग आपण शाळेत अभिमानाने सांगतो. पुढचा भाग सांगताना आवाज खाली जातो.

१९१७ मध्ये आंबेडकर नोकरीवर रुजू झाले. कचेरीत हाताखालची माणसे विटाळाच्या भीतीने कागद लांबून टाकत. गावात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. सरकारी घरासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना खोली सोडावी लागली. कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, ते कित्येक तास बसून होते. अखेर ते मुंबईला परतले.

महाराजांचा हेतू चांगला होता, पैसाही होता. माणूस घडला. पण तो ज्या कचेरीत बसणार होता, ती कचेरी कोणी घडवली नव्हती. पुढे त्या माणसाने देशाची घटना लिहिली, याचे श्रेय त्या कचेरीला देता येत नाही.

मला वाटते, नेतृत्वाची खरी परीक्षा इथेच आहे. होतकरू माणूस शोधून त्याला पद देणे तसे सोपे. फोटो निघतो, कौतुक होते. तो पहिल्या दिवशी ज्या खोलीत पाऊल टाकतो, तिथली हवा बदलणे अवघड, कारण तिथे आपल्याच जुन्या सहकाऱ्यांना चार शब्द सुनवावे लागतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक तरुण प्राध्यापिका आली. शिक्षण कन्नड माध्यमात, मराठीला कानडी हेल. विषय पक्का, वर्ग खूश. पण स्टाफरूममध्ये तिच्या बोलण्याची नक्कल होई आणि ती डबा घेऊन ग्रंथालयात जाऊन बसे. मी विभागप्रमुख. तिला एकटीला बोलावून "मनावर घेऊ नकोस" असे सांगण्यात अर्थ नव्हता. विभागाच्या बैठकीत मी सर्वांसमोर सांगितले, की कोणाच्या भाषेविषयी काही म्हणायचे असेल तर मला येऊन म्हणा. नक्कल यापुढे चालणार नाही. वेळापत्रकाचे काम तिच्याकडे दिले आणि पहिला महिना तिच्या शेजारी बसायला एका ज्येष्ठ सरांना विनंती केली. दुपारी मी माझा डबा तिच्या टेबलावर उघडू लागले. हळूहळू टेबलाभोवतीच्या खुर्च्या वाढल्या. आज मी रजेवर असले की विभाग तीच चालवते, आणि तिने घेतलेले निर्णय मी परतल्यावर फिरवत नाही.

आपल्या सीमाभागात घरात आलेल्याला आधी विचारतात, "ऊट आय्ता?" किंवा "जेवलात का?" सहानुभूती, समानुभूती हे जड शब्द शिबिरवाल्यांना लखलाभ होवोत. नव्या माणसाला खुर्ची देताना आपण एवढेच पाहावे: तो जेवायला कोणासोबत बसेल, अडला तर कोणाला विचारेल, आणि त्याला कोणी हिणवले तर थांबवणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'मी' असे ज्याला देता येईल, त्यानेच दुसऱ्याला पुढे आणण्याच्या गोष्टी कराव्यात.