हुंकार

लहानपणी आजीकडून गोष्ट ऐकावयाची तर आम्हांला एक अट असे. दर वाक्यागणिक ‘हूं’ म्हणावयाचे. हूं थांबला की पोराला झोप लागली असे समजून आजी गोष्ट तिथेच थांबवी आणि दिवा मालवी. राक्षसाच्या गुहेत सापडलेला राजपुत्र मग रात्रभर तेथेच अडकून राही. गोष्ट जितकी सांगणाऱ्याची तितकीच ऐकणाऱ्याचीही असते, हा धडा आम्ही अशा रीतीने फार लवकर शिकलो आणि वकिलीचा काळा कोट अंगावर चढल्यावर तो तितक्याच लवकर विसरलो. त्याची आठवण आम्हांस एका तरुण मुलीने करून दिली. ती हकीकत आमच्या भूषणाची नाही. तरी सांगितली पाहिजे.

आमच्या देवस्थानाचे महाजन आणि कुळावी दूरदूर विखुरलेले आहेत. कोणी बेळगावास, कोणी हुबळीस, कोणी मुंबईस, कोणी बडोद्यास. वर्षातून एकदा जत्रेला अग्रशाळेत गाठ पडावयाची, पालखी फिरेपर्यंत गप्पा व्हावयाच्या आणि सामान गाडीत चढले की पुढील जत्रेपर्यंत सारे स्वस्थ. काही वर्षांपूर्वी अशाच एका जत्रेत चारचौघांच्या मनात आले की, आपल्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, हिशेबतपासनीस आहेत, अभियंते आहेत. त्यांनी व्यवसायात एकमेकांस साह्य करावे, नवशिक्यांना हात द्यावा. कल्पना उत्तम होती. त्या चारचौघांत आम्हीही होतो. अग्रशाळेच्या सोप्यावर बसल्या बसल्या मोबाइलवर व्हॉट्सॲपचा एक गट निघाला, आणि पाहता पाहता त्यात दोनशेंहून अधिक मंडळी दाखल झाली.

दाखल झाली, आणि गप्प बसली. सकाळी सूर्योदयाची चित्रे येत, चतुर्थीला गणपती येई, कोणाच्या मुलाला चांगले गुण मिळाले की अभिनंदनाचा पाऊस पडे. व्यवसायाविषयी बोलणारी माणसे मोजून पाचसहा. उरलेल्यांविषयी आम्ही अध्यक्षीय थाटात म्हणत असू, ‘लोकांना आस्थाच नाही हो!’ सभा भरवणाऱ्यांचे हे वाक्य फार जुने आहे, आणि फार सोयीचेही आहे. कारण ते उच्चारणारा स्वतःला लोकांतून वगळून घेतो.

एका बुधवारी रात्री त्या गटात एक प्रश्न आला. विचारणारी बेळगावची एक तरुण वकील. सनद मिळून दोन वर्षेही झाली नव्हती. तिचा एक पक्षकार गोव्यात निवृत्तीनंतरच्या घरासाठी जमीन घेत होता. एक-चौदाच्या उताऱ्यावर विकणाऱ्या गृहस्थाचे एकट्याचे नाव होते. शुक्रवारी इसार द्यावयाचा होता. ‘करारावर त्यांच्या पत्नीची सही लागेल का?’ एवढाच तिचा प्रश्न होता.

गोव्याबाहेरच्या वकिलाला हा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि गोव्यातल्या वकिलाला त्याचे उत्तर देणे अगदी सोपे आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आमच्याकडे असा नियम चालत आला आहे की, विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः एकत्र धरली जाते. तिच्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. कागदावर नाव कोणाचेही असो, स्थावर विकावयाचे तर दोघांची संमती हवी. पोर्तुगीज राज्य १९६१ साली गेले, पण हा नियम गेला नाही. ‘लागते’ हा एक शब्द त्या मुलीला पुरला असता.

आम्ही तो प्रश्न जेवताना वाचला. उत्तर ओठांवर होते. पण मनात आले, गटात आमच्याहून ज्येष्ठ वकील आहेत; ते लिहितीलच. शिवाय आपण एका ओळीत लिहावे आणि कोणी बुजुर्गाने खाली अर्ध्या ओळीची दुरुस्ती करावी, ही शोभा चारचौघांत कशाला? आणखी एक व्यावसायिक शंकाही आली. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. न मागता पुढे पुढे केले तर ते तसे दिसेल की काय? आळसाला नियमाचे पांघरूण मिळाले म्हणजे तो किती गाढ झोपतो, हे आम्ही त्या रात्री अनुभवले. मोबाइल उपडा ठेवला आणि ताकभात संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रश्नाखाली सूर्योदयाची तीन चित्रे येऊन बसली होती.

पुढे जत्रेत ती मुलगी अग्रशाळेत भेटली. आपण होऊन जवळ आली आणि वाकून नमस्कार केला. आम्ही सहज विचारले, ‘काय गं, त्या जमिनीचं काय झालं?’ शुक्रवारी इसार दिला गेला होता. विकणाऱ्याची पत्नी बरीच वर्षे माहेरी राहत होती. तिने सही देण्याचे साफ नाकारले. व्यवहार मोडला, पैसे अडकले आणि प्रकरण कोर्टात गेले. निवृत्तीच्या पैशातली मोठी रक्कम होती ती. पक्षकार हिच्या वडिलांचे स्नेही. आता त्यांचे जाणेयेणे थांबले होते.

‘पण तू आणखी कोणाला विचारायचं होतंस,’ आम्ही म्हणालो. ती रागावली नाही. ‘काका, गटात विचारलं तेच सगळ्यांना विचारलं असं मला वाटलं. कोणी काही बोललं नाही, तेव्हा समजले की अडचण नसणार. असती तर इतक्या वकिलांपैकी कोणीतरी थांबवलं असतं.’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘कोणी कोणी वाचलं ते मला दिसतं ना. दीडशेच्या वर नावं होती. त्यात तुमचंही होतं.’

बाहेर पालखी निघण्याची वेळ झाली होती आणि ताशे वाजू लागले होते. आम्ही मान खाली घातली ती देवापुढे नव्हे.

तिने चूक केली हे खरे. मौनाला संमतीचे लक्षण मानून वकिलाने कधी सल्ला देऊ नये. पण आमचे काय? १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाखालील स्पष्टीकरण आम्ही विद्यार्थिदशेत घोकले होते. नुसते गप्प बसणे म्हणजे कपट नव्हे, असे ते सांगते. परंतु परिस्थितीच अशी असेल की गप्प बसणाऱ्यावर बोलण्याचे कर्तव्य यावे, किंवा त्याचे मौन बोलण्यासारखेच ठरावे, तर गोष्ट निराळी, असेही तेच सांगते. आमचा काही त्या मुलीशी करार नव्हता. पण ‘एकमेकांस साह्य करू’ असे म्हणून ज्यांनी लोकांना एकत्र बोलावले, त्यांच्यावर बोलण्याचे कर्तव्य येत नाही असा युक्तिवाद आम्ही कोणत्या तोंडाने करावा? आमचे मौन तिच्या कानी होकार होऊन पडले होते.

इतके जण असून कोणीच का बोलले नाही? आता वाटते, इतके जण होते म्हणूनच. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना निरनिराळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून एकमेकांशी बोलावयास लावले आणि मध्येच एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचे भासवले. आपण एकटेच ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांतले शेकडा ८५ झटका ओसरण्यापूर्वी मदतीस उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांतले शेकडा ३१ च उठले. माणसे निष्ठुर नव्हती; प्रत्येकाला वाटले की दुसरा कोणी उठेल. आमच्या गटात तर ‘दुसरे’ दोनशे होते.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या मुळाशी पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयीची तक्रार होती, आणि तिचा भार वाहणारे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे आमच्यासारखेच वकील होते. त्या सभेचा सभासद व्हावयाचे तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभासद खुर्चीवर बसण्यापूर्वीच पन्नास जणांना बांधलेला असे. त्याच्या गप्प बसण्याचा जाब विचारणारे पन्नास जण घरी वाट पाहत असत. आमच्या गटात बोट टेकवले की सभासदत्व. जे मिळवण्यास काही द्यावे लागले नाही, ते राखण्यास आपण काही देणे लागतो हे ध्यानात कसे यावे?

जत्रेहून परतल्यावर आम्ही त्या जुन्या प्रश्नाखाली उत्तर लिहिले. ‘सही लागते. त्या रात्रीही आम्हांला हे ठाऊक होते. लिहिले नाही, ही आमची चूक झाली.’ तेवढे लिहिण्यास आम्हांला अर्धा तास लागला. तासाभराने आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ वकिलांचा संदेश आला. वय सत्तरीच्या पलीकडे, गटात एक अक्षर कधी लिहिलेले नाही. नातवाकडून त्यांनी लिहवून घेतले होते, ‘मलाही ठाऊक होते.’ त्यानंतर एकामागून एक अशी अकरा उत्तरे आली. उशिरा आलेल्या त्या उत्तरांनी इसाराचा एक रुपयाही परत आला नाही. दावा अजून चालू आहे.

परंतु त्या दिवसापासून आम्ही आस्थेवर व्याख्यान देणे सोडले आणि काही साधे नेम घालून घेतले. प्रश्न सगळ्यांना टाकावयाचा, पण त्यात निदान एकाचे नाव घ्यावयाचे. नाव घेतलेल्याला दोनशेंच्या आड लपता येत नाही. ‘ठाऊक नाही, विचारून सांगतो’ हेही उत्तर समजावयाचे, आणि ते आधी ज्येष्ठांनी द्यावयाचे. ज्येष्ठाने आपले अज्ञान कबूल केले की कनिष्ठाला बोलण्याचे धैर्य येते. या एका नेमाने जेवढी माणसे बोलती झाली तेवढी शंभर आवाहनांनी झाली नव्हती. चूक सुधारावयाची ती हसे न करता. पक्षकाराचे वा रुग्णाचे नाव कधीही घ्यावयाचे नाही. शुभेच्छांना आणि सूर्योदयांना निराळा गट करून दिला. ते तेथे सुखाने नांदत आहेत. आणि ज्याने विचारले त्याने पुढे काय झाले ते येऊन सांगावयाचे. सल्ला देणाऱ्याला शुल्क नको असते, पण आपला शब्द कोठे पोचला हे त्याला कळावेसे वाटते.

सगळे बोलू लागले असे नव्हे. दोनशेंतले चाळीसएक आता बोलतात, बाकीचे वाचतात. वाचणाऱ्यांवर आमचा राग उरलेला नाही. कोणाला सांगण्यासारखे काही नसते, कोणाची वेळ यावयाची असते. ठाऊक असून गप्प बसणे तेवढे नसावे.

कोकण-गोव्याच्या देवळांत गाऱ्हाणे घालतात ते आमच्या वाचकांनी ऐकलेच असेल. एक जण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणे मागतो, आणि दर मागण्यामागून जमलेली माणसे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ मागणारा एकटाच असतो. पण मागून ‘व्हय’ आले नाही तर ते गाऱ्हाणे गावाचे होत नाही, त्या एकट्याचेच राहते. बेळगावच्या त्या मुलीने बुधवारी रात्री दोनशे माणसांपुढे गाऱ्हाणेच घातले होते. पाठीमागे देऊळभर माणसे उभी होती, आणि ‘व्हय’ म्हणणारे कोणी नव्हते.

गेल्या महिन्यात रात्री उशिरा हुबळीच्या एका मुलाने नोंदणीविषयी काही विचारले आणि आमचे नाव घेतले. आम्ही चष्मा शोधीत होतो तोच उत्तर येऊन पडले, तेही नेमके आणि पुरे. ते त्याच मुलीचे होते. आम्हांला त्यात भर घालण्यासारखे काही राहिले नव्हते. तरी आम्ही खाली एक शब्द लिहिला, ‘बरोबर’, आणि मग दिवा मालवला.