भोकं असलेलं बूच

हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? अंतराळातली उपकरणं थंड कशी ठेवतात एवढंच वाचायला बसलो होतो, आणि आता भेटेल त्याला धरून ऐकवतोय!

हेलियम उणे 271 अंशांच्या आसपास, म्हणजे 2.17 केल्विनच्या खाली गेला की अतितरल होतो. केसाहून बारीक फटीतूनही विनाअडथळा निसटतो, भांड्याच्या भिंतीवरून पातळ थराने चढून बाहेर पडतो. उपकरणं थंड ठेवायला हाच हेलियम वापरतात, पण असलं द्वाड द्रव्य यानात कोंडायचं कसं? जमिनीवर द्रव खाली राहतो, वाफ वर जाते. वजनरहित अवस्थेत वर-खाली काही नाहीच. टाकीचं तोंड उघडं ठेवलं तर हेलियम पळणार. बंद केलं तर वाफ साठून दाब आणि तापमान चढणार.

उपाय काय, तर तोंडाला बूच मारायचं. तेही भोकांचं! बारीक छिद्रांची धातूची चकती.

माठ पाझरून आतलं पाणी गार करतो, तसंच इथेही. फक्त इथे द्रव बाहेर येतच नाही. चकतीच्या बाहेरच्या अंगाला, निर्वातात, हेलियमची वाफ होते, म्हणून ते अंग आतल्यापेक्षा किंचित थंड पडतं. आणि अतितरल हेलियमची खोड अशी, की तो थंडाकडून उबेकडे धावतो! म्हणजे द्रव आपणहून आत परततो, वाफ उष्णता घेऊन बाहेर जाते. ना मोटर, ना पंप.

ही युक्ती स्टॅनफर्डमध्ये 1970 च्या सुमारास निघाली, आणि तिथल्याच ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ने तर कमालच केली. 2004 साली सुमारे 2,400 लिटर हेलियम घेऊन ते यान निघालं, आइन्स्टाइनचा सिद्धान्त तपासायला. बुचातून सुटलेली वाफही त्यांनी वाया घालवली नाही. तिच्याच फुंकरींनी यानाची दिशा सांभाळली! सप्टेंबर 2005 मध्ये हेलियम संपला, तोवर मोजमापं हाती आली होती. पुढे ‘हर्शेल’ दुर्बीण अशाच बुचावर जवळजवळ चार वर्षं चालली.

विश्वास बसत नसेल तर आल्फ्रेड लाइटनर यांची 1963 सालची अतितरल हेलियमवरची फिल्म शोधा. त्यात उबेकडे धावणाऱ्या हेलियमचं कारंजं उडताना दिसतं. आजच बघा.