उसनी शिवी



माझा आजा गिरणीत होता. १९८२ च्या संपात त्याचं काम सुटलं ते सुटलंच. मी भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करतो, राहतो मुलुंडच्या वस्तीत. शाळा नववीत सुटली. कविता शिकवली ती रद्दीतल्या पुस्तकांनी.

त्यात 'गोलपिठा' घावला, १९७२ चा. वाचला आन् डोकं सणकलं. आपणही असाच जाळ काढायचा. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि बाबासाहेबांच्या फोटोमागं आईनं मरीआईचा टाक दडवलाय. मी मरीआईवर कविता केली. ओळीओळीला शिवी. जयंतीला स्टेजवरून म्हटली. टाळ्याच टाळ्या. पहिल्या रांगेत भागातले एक पुढारी. साउंडचा खर्च त्यांचा. सगळ्यात मोठी टाळी त्यांचीच.

घरी आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "लई बोललास रं तिला. तू लहान असताना तुला हगवण लागली, नळाला गटाराचं पाणी येत हुतं. दवाखान्यात खाट न्हवती. मी कुणाम्होरं बसायचं हुतं? त्या नळावर लिव की. नळाचा धनी तर तुझ्या म्होरंच बसला हुता."

मी गप.

मरीआई ही पटकीची देवी. घाण पाणी पाजणाऱ्याला मी सोडलं आणि ते पिणारीच्या देवीला फोडून काढलं. ढसाळांचे शब्द त्यांच्या जगण्यातले होते. प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही त्यांचे अर्थ विचारावे लागले. माझी शिवी उसनी. तिनं ना देवी हलली, ना पुढारी. फक्त आई हलली.

मग नळावर लिहिलं. शिवी एक नाही. टँकरचा भाव, नळाची वेळ, पुढाऱ्याचं नाव. पुढच्या जयंतीला समितीतल्या भाऊंनी कागद वाचला आणि म्हणाले, "ती देवीची म्हण ना. हिच्यानं वर्गणी बुडंल."

स्टेज गेलं. तेव्हा शाहीर विलास घोगरे आठवले. ते याच मुलुंडात राहिले, वस्त्यांतून गायले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. तो घाव त्यांना पचला नाही. १५ जुलैला त्यांनी जीव दिला. जीव द्यायचा नाही, दोस्तहो. वस्तीत गायचं मात्र सोडायचं नाही.

पाळीवरून आलो आणि पहाटे हंड्यांच्या रांगेत कविता म्हटली. टाळी नाही. एक म्हातारी म्हणाली, "आरं, पुन्यांदा म्हण."

टाक अजून फोटोमागंच आहे. तो निघायला हवा, यात मला शंका नाही. पण १९२७ साली बाबासाहेब मार्चमध्ये महाडच्या तळ्याचं पाणी प्याले आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळली. आधी पाणी. आमच्या नळाला धड पाणी येऊ द्या, मग आईला मी टाकाचं विचारीन. तोवर मला तोंड नाही.