वडाळ्याची खुराडी आणि पेठचा कोंबडा

बाहेरगावचे पाहुणे नाशिकला आले की गोदाघाट, पांडवलेणी आणि द्राक्षांच्या बागा बघून जातात. फार तर आमच्याबरोबर जुन्या नाशकात बडी दर्गाहला येतात, दूध बाजारात चहा पितात आणि या शहराला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत असत, हे ऐकून खूश होतात. पण या शहराचा एक भाग असा आहे की तो घराच्या पुढच्या दाराने दिसत नाही. त्यासाठी मागच्या दाराने जावे लागते. आम्हा दोघांना, म्हणजे नवरा-बायको दोन्ही शिक्षकांना, तो भाग दिसला तो पटनोंदणीमुळे.

दर उन्हाळ्यात शाळेत घालायच्या मुलांची नोंद करायला आम्ही वडाळा गावात घरोघर फिरतो. वडाळा हे मूळचे खेडेच. शहर वाढत आले आणि त्याला पोटात घेऊन पुढे गेले. इमारती झाल्या, पण मधल्या गल्ल्यांत अजून म्हशींचे गोठे आहेत, दारात बांधलेल्या बकऱ्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक बैठ्या घराच्या मागे एक खुराडे आहे. कोणी जुन्या कपाटाला जाळी मारून केलेले, कोणी फळांच्या खोक्यांचे, कोणी पाण्याच्या फुटक्या टाकीचे. आम्ही दार वाजवून मुलांची नावे विचारायचो आणि घरातली बाई हातातली कण्यांची परात खाली ठेवून उत्तर द्यायची. हळूहळू लक्षात आले की कोंबड्यांबद्दल एक प्रश्न विचारला की पाच मिनिटांत घरातली सगळी माहिती मिळते. शाळा सोडलेली मुलगी कोणती, आजारी कोण आणि कामावरून कोणाला काढले आहे, ते सगळे.

या घरांत अंड्यांचा पैसा हा बाईचा पैसा असतो. गावरान कोंबडी वर्षाला फार तर साठ-सत्तर अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होऊन बसते. हिशेब मांडला तर ही रक्कम मोठी नाही. पण गावरान अंड्याला बाजारातल्या पांढऱ्या अंड्यापेक्षा चांगला भाव मिळतो, बाळंतिणीच्या घरून मागणी येते आणि तो पैसा कोणापुढे हात न पसरता येतो. एका घरात मुलीच्या वह्या, दुसऱ्या घरात सासूचे औषध, तिसऱ्या घरात मोबाइलचे रिचार्ज त्यातून होते. "नवऱ्याच्या पगारात हिशेब द्यावा लागतो, कोंबडीच्या पैशात नाही," असे एकजण हसत म्हणाली. आम्ही बी.एड.ला अर्थशास्त्र शिकलो होतो, पण इतके सोपे करून कोणी सांगितले नव्हते.

याच फेरीत आम्ही खालांच्या घरी पोहोचलो. खरे तर त्या आमच्या शेजारीच. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून त्यांची दोन खोल्यांची चाळ आहे. त्या मूळच्या जुन्या नाशकातल्या, काजीच्या गढीवरच्या. ही गढी म्हणजे नदीकाठचा मातीचा उंच टेकाड. नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि हे शहर किती जुने आहे याचा पुरावा बाहेर काढला. आज मात्र काजीच्या गढीचे नाव निघते ते पावसाळ्यात, माती खचते तेव्हा. काठावरच्या घरांना जागा सोडण्याच्या नोटिसा येतात. खालांचे लग्न होऊन गेलेले घर तसेच धोक्यात आले, म्हणून त्या धाकट्या मुलाजवळ वडाळ्याला आल्या. येताना भांड्यांबरोबर एक टोपली होती. तिच्यात चार तलंगा आणि एक कोंबडा.

आम्ही मागे गेलो. आठ कोंबड्या होत्या, स्वच्छ खुराडे होते, राखेत लोळायला खड्डा केला होता. पण पिल्लू एकही नव्हते. आम्ही सहज विचारले, "खाला, चिल्लेपिल्ले कुठे गेले? पूर्वी तर अंगणभर असायचे."

"कोंबडा नाही ना," त्या म्हणाल्या. "कोंबड्या अंडी देतात, खायला बरी असतात. पण कोंबड्याशिवाय पिल्ले कशी निघतील?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. कारण तो कोंबडा का गेला, हे आम्हाला ठाऊक होते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही या इमारतीत नवे होतो. खालांचा कोंबडा पहाटे साडेतीनला आरवू लागायचा. शाळेचे पेपर तपासून रात्री उशिरा झोपायचे आणि साडेतीनला जागे व्हायचे. सोसायटीच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. आमच्याबरोबर आणखी दोन घरांनी माना हलवल्या. वॉचमनच्या हातून निरोप गेला. तीन दिवसांनी आरवणे थांबले. आम्हाला शांत झोप लागली आणि आम्ही तो विषय विसरून गेलो. निरोप कोणी दिला हे खालांना कळले होते का, हे आम्ही कधी विचारले नाही. त्या दिवशीही विचारायचे धाडस झाले नाही. त्यांनी मात्र आम्ही निघताना पदराआडून सहा अंडी काढून दिली. "बेटा, मुलांना उकडून द्या."

त्या रात्री घरात फार बोलणे झाले नाही. वर्गात आम्ही मुलांना शेजाऱ्याच्या हक्कांबद्दल सांगतो. शेजारणीने दिलेली छोटीशी भेटही कमी लेखू नका, अशी शिकवण प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी स्त्रियांना उद्देशून दिली आहे. कोंबडा आरवला की अल्लाहकडे त्याच्या कृपेची याचना करावी, असेही हदीसमध्ये आले आहे, आणि तो नमाजसाठी उठवतो म्हणून त्याला शिव्याशाप देऊ नयेत, हेही. हे सगळे आम्हाला पाठ होते. पण झोपेचाही हक्क असतो, आजारी माणसाचाही असतो, लहान बाळाचाही असतो. म्हणजे आमची तक्रार अगदीच खोटी नव्हती. चूक ही झाली की आम्ही तक्रार केली, पण शेजारणीशी बोललो नाही. भिंतीपलीकडे दहा पावलांवर जायचे सोडून वॉचमनला पाठवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो आणि सांगून टाकले. खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलेच होते. आता कोंबडा आणायचा असेल तर थंडीत आणू. उन्हाळ्यात अंडी तापतात, रवण फसते." त्या विषयावर त्या एवढेच बोलल्या.

कोंबडा कुठून आणायचा, हेही त्यांचे ठरलेले होते. गल्लीतला नको, कारण वडाळ्यातल्या सगळ्या कोंबड्या एकमेकींच्या नात्यातल्या. रक्त बदलले नाही तर पिल्ले अशक्त निघतात. त्यांचे माहेरचे एक जुने ओळखीचे घर पेठ तालुक्यात होते. दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी फजर पढून आम्ही तिघे आमच्या जुन्या गाडीतून निघालो.

पेठ नाशिकपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रामशेजचा किल्ला उजव्या हाताला मागे पडतो, मग द्राक्षबागा संपतात आणि डोंगर सुरू होतात. कोटंबीचा घाट उतरताना दोन्ही बाजूंनी भाताची कापणी चालली होती, उतारावर नागली उभी होती. पेठ हे एकेकाळी छोटे संस्थान होते. तिथल्या दळवी घराण्याने इस्लाम स्वीकारला होता आणि शेवटच्या बेगमच्या निधनानंतर १८७८ मध्ये संस्थान इंग्रजी मुलखात गेले. हे आम्ही खालांना उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, "असेल. पण बेगमकडे कोंबड्या होत्या की नाही ते सांगा."

ज्या घरी गेलो ते कोकणा आदिवासी कुटुंब. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेले अंगण आणि खळ्यावर सांडलेले भाताचे दाणे टिपत फिरणाऱ्या वीस-पंचवीस कोंबड्या. घरातल्या मावशी आणि खाला एकमेकींना बघून अशा बसल्या की आम्ही दोघे अर्धा तास कोणाच्याच लक्षात नव्हतो. बोलणे सगळे कोंबड्यांचे. घार किती पिल्ले घेऊन गेली, मुंगूस कुठून शिरला, कोणती कोंबडी चांगली आई आहे आणि कोणती आपलीच अंडी फोडून खाते. मावशींच्या गावात एक जुनी रीत आहे. ज्या घरात काहीच नाही त्या घराला एक तलंग वाट्याने द्यायची. पिल्ले मोठी झाली की निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. "फुकट दिले तर घेणाऱ्याची मान खाली जाते. वाट्याने दिले तर दोघे बरोबरीचे," मावशी म्हणाल्या. खाला लगेच म्हणाल्या की गढीवर त्यांची सासू हेच करायची.

मग मानमोडीची गोष्ट निघाली. आपल्या बायका मानमोडी म्हणतात तोच रानीखेत रोग. कुमाऊँमधल्या रानीखेतवरून त्याला हे नाव पडले. कोंबडी हिरवट-पांढरी हगते, मान वाकडी होते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. यावर औषध नाही, पण लस आहे. पिल्लू पहिल्या आठवड्यात असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, आणि दोन महिन्यांच्या सुमाराला दुसरी लस. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची लस असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई ती बाटली कशी आणणार? मावशींचा पाडा यासाठी एक दिवस ठरवतो. सगळ्यांची पिल्ले डालग्यात घालून एका अंगणात येतात. खालांनी हे दोनदा विचारून घेतले.

२००६ सालची आठवणही निघाली. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये बर्ड फ्लू आढळल्याचे जाहीर झाले. देशातली ती पहिलीच साथ होती. पोल्ट्रीवाल्यांच्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्या आणि आसपासच्या घरांतल्या चार-दोन कोंबड्याही गेल्या. आजार पसरू नये म्हणून ते करावेच लागते. पण मोठ्या शेडचे नुकसान वर्तमानपत्रात येते आणि परसातल्या कोंबडीचे येत नाही. खाला तेव्हा गढीवर होत्या. साथ नवापुरात होती, तरी नाशकात कोणी अंडे घेईना. नीट शिजवलेल्या अंड्याने हा आजार होत नाही, हे लोकांना पटेपर्यंत महिने गेले. त्या वर्षी त्यांनी कोंबड्या विकल्या नाहीत, मारल्या नाहीत, नुसत्या सांभाळल्या. आज वडाळ्यात आहेत त्या त्याच वंशाच्या.

मावशींनी कोंबडा दिला. तांबडा, काळ्या शेपटीचा, वर्षभराचा. पैसे घ्यायला त्या तयार होईनात. खालांनी टोपलीतून भुशात जपून आणलेली बारा अंडी काढली. शेजारणीच्या गिरिराज कोंबड्यांची. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली ही जात गावरानपेक्षा दुप्पट अंडी देते, पण खुडूक मात्र क्वचितच बसते. म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. बारा अंडी आणि एक कोंबडा, सौदा झाला. मावशींनी वर नागलीच्या पिठाची पिशवी दिली.

आता साडेतीनचा प्रश्न. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले आहे की कोंबडा नुसता उजेड बघून आरवत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असते. अंधारात ठेवला तरी तो पहाट ओळखतो. खालांनी हे ऐकून घेतले आणि आपला उपाय सांगितला. आरवायला कोंबड्याला मान उंच करावी लागते. रात्री ठेंगण्या डालग्याखाली, वरून हवा जाईल असे पोते टाकून ठेवला की तो आवाज काढतो, पण जोर लागत नाही. खुराडे आम्ही सगळ्यांनी मिळून इमारतीच्या भिंतीपासून चाळीच्या पलीकडच्या टोकाला हलवले. फजरच्या अजानला खाला उठतात आणि डालगे उचलतात. आम्ही इमारतीतल्या बाकीच्या घरांत स्वतः जाऊन हे सांगितले. यावेळी वॉचमनला पाठवले नाही.

डिसेंबरमध्ये खालांनी अकरा अंड्यांवर कोंबडी बसवली. सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडात अंडी धरून त्यांनी दोन कोरी काढून टाकली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्ले निघाली. एक अंड्यातच राहिले. पुढच्या रविवारी गल्लीतल्या अकरा घरांची पिल्ले चाळीच्या अंगणात जमली, लसीची एक बाटली बर्फात आणली आणि आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी वहीत नोंद ठेवली. एकूण त्रेसष्ट पिल्ले. त्यातली एक मुलगी मे महिन्यात आमच्या यादीत 'शाळाबाह्य' म्हणून लिहिलेली होती. तिच्या आईला खालांनी एक तलंग वाट्याने दिली आहे. मुलगी आता शाळेत येते, पण रोज नाही. वही मात्र ती नियमाने भरते, आणि आम्ही तिथूनच सुरुवात केली आहे.

कोंबडा अजूनही कधी कधी चारला आरवतो. पोते सरकलेले असते. जाग येते तेव्हा आम्ही कूस बदलतो, मग हदीस आठवते, आणि अल्लाहकडे जे मागायचे ते मागून घेतो. बहुतेक वेळा त्यात पलीकडच्या खुराड्याचेही नाव असते.