चित्रफितींची अमानत

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावर ते छातीपर्यंत आले होते. अम्मीला आणि मुलांना घेऊन आम्ही माडीवर गेलो. माणसे वाचली, अल्हम्दुलिल्लाह. पण लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात अब्बांनी वर्षानुवर्षे जपलेल्या व्हिडिओ कॅसेट होत्या. चिखल उपसून कपाट उघडले, तर एकही कॅसेट लावण्याजोगी राहिली नव्हती.

नऊ कॅसेट तेवढ्या वाचल्या, कारण मोठी आपा त्या आधीच पुण्याला आपल्या घरी घेऊन गेली होती. त्यांतल्या एकीत अब्बा आहेत. ईदच्या सकाळी पडवीत बसून मुलांना ईदी देत आहेत आणि नोट हातात ठेवण्याआधी, ओळखत असूनही, प्रत्येकाला विचारत आहेत, "तू कोणाचा रे?" अब्बांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचा आवाज त्या एका फितीवरच उरला होता.

आपाने पुण्यातच त्या नऊ कॅसेटच्या डिजिटल फाईली करून घेतल्या. सगळ्या मिळून ऐंशी-नव्वद जीबी भरल्या. आता त्या अम्मीला दाखवायच्या कशा, हा प्रश्न होता. आमचा टीव्ही साधा आहे, पण त्याला मुलाचे प्लेस्टेशन ४ जोडलेले आहे आणि त्यात मीडिया प्लेअर नावाचे ॲप मिळते. म्हणून पेन ड्राइव्ह आणला. त्याचे फॉरमॅट जुने, फॅट३२ होते. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जातच नाही आणि आमची तर एकेक फाईल आठ-नऊ जीबीची. पेन ड्राइव्ह एक्सफॅट करून घेतल्यावर काम झाले. पण तो कधी मुलाच्या दप्तरात, कधी उशीखाली सापडू लागला. पुरातून वाचलेली चीज अशी हरवू द्यायची नव्हती.

मग नॅस घ्यायचे ठरवले. नॅस म्हणजे हार्ड डिस्क बसवलेला एक छोटा डबा. तो घरच्या राउटरला जोडला की घरातल्या टीव्ही, संगणक, गेम कन्सोल अशा सर्वांना त्यातल्या फाईली मिळतात. दुकानदाराने चार डिस्कचा, ताकदवान प्रोसेसरचा डबा पुढे केला. चित्रफीत चालू असतानाच तिचे रूप बदलून देण्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, त्यासाठी तसा प्रोसेसर लागतो, असे तो म्हणाला. ते खरेच आहे. पण आमच्याकडे पडदा एक, कन्सोल एक. फाईली आधीच कन्सोलला चालतील अशा करून ठेवल्या, तर डब्याला फक्त त्या पोहोचवायच्या असतात. त्याला साधा प्रोसेसर पुरतो. आम्ही दोन डिस्कचा साधा डबा घेतला आणि प्रत्येकी ४ टीबीच्या दोन डिस्क. डिस्क घेताना ती एसएमआर प्रकारची नाही ना, एवढे विचारून घेतले. त्या प्रकारात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून एक डिस्क बिघडून नव्या डिस्कवर सगळे पुन्हा उतरवायची वेळ आली की ती फार रेंगाळते.

घरी आल्यावर दोन अडचणी आल्या. पहिली भिंतींची. आमच्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या हातभर जाड. दोन भिंतींपलीकडे वायफाय इतके दुबळे व्हायचे की अब्बांचा हात ईदी देता देता हवेतच थांबायचा. राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅनची केबल ओढली आणि अडखळणे संपले. दुसरी अडचण नव्या चित्रफितींची. कुवेतहून भाच्याने फोनवर काढून पाठवलेली फीत चालेना. नवे फोन पुष्कळदा एच.२६५ पद्धतीने चित्रण करतात आणि प्लेस्टेशन ४ चा मीडिया प्लेअर ती पद्धत घेत नाही. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने त्या फाईली एच.२६४ मध्ये बदलल्या आणि काम भागले. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे की त्यात हा मीडिया प्लेअर नाही. तिथे प्लेक्ससारखे ॲप लागते. एक्सबॉक्समध्ये मीडिया प्लेअर मिळतो. म्हणून आधी कन्सोल काय चालवतो ते पाहावे, मग डबा निवडावा.

इथवर सगळे यंत्राचे होते. खरी चूक आमच्या हातून पुढे झाली.

एका रविवारी मुलाचे मित्र खेळायला आले होते. त्यांतल्या एकाने सहज मीडिया प्लेअर उघडला. यादीत आमच्या डब्याचे नाव, त्यात 'मेहंदी' हा फोल्डर. पडद्यावर आमची धाकटी बहीण आली. एकोणीस वर्षांची, ओढणी कमरेला बांधून मैत्रिणींबरोबर ढोलकीवर गाणारी. लेकीने धावत येऊन टीव्ही बंद केला. मुलगा मान खाली घालून बसला. त्या पोरांचा काही दोष नव्हता. कन्सोल ज्या डीएलएनए पद्धतीने डब्यातल्या चित्रफिती वाचतो, तिच्यात सहसा नाव, पासवर्ड काही विचारत नाहीत. जे त्या यादीत ठेवले, ते घरातल्या नेटवर्कवर कोणालाही दिसते. आणि आम्ही तर सगळा डबाच यादीत टाकला होता.

रात्री बहिणीला फोन करून सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाईजान, त्या रात्री कॅमेरा एका बाईच्या हातात होता, म्हणून आम्ही मोकळ्या होतो."

त्यावर आम्हाला उत्तर नव्हते. ती फीत आमच्या कपाटात होती म्हणून आम्ही ती आमची समजत होतो. सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानती त्यांच्या हकदारांच्या हवाली करण्याचा हुकूम आहे. दागिने आणि पैसे यांच्याबाबत तो आम्हाला ठाऊक होता, चित्रफितीबाबत कधी सुचले नाही. आम्ही बहिणीला विचारले, पुसून टाकू का? ती म्हणाली, "पुसू नका. अम्मीला बघायची असते. पण चावी अम्मीकडे ठेवा."

तसेच केले. आता मीडिया सर्व्हरच्या यादीत एकच फोल्डर आहे: ईद, शाळेची गॅदरिंग, अब्बा. बायकांच्या फिती वेगळ्या, पासवर्डच्या फोल्डरमध्ये आहेत. कन्सोलला त्या दिसतच नाहीत. बघायच्या असल्या तर लेक लॅपटॉप टीव्हीला जोडते. पासवर्डची चिठ्ठी अम्मीच्या पानदानात असते. घराबाहेरून इंटरनेटवर डबा उघडण्याची सोयही बंद ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट दुकानदाराने सांगितली नव्हती. दोन डिस्कवर तेच ते उतरवले की एक बिघडली तरी दुसरी राहते, हे बरोबर. पण चुकून फाईल पुसली तर दोन्हीकडून जाते, आणि पाणी दोन्ही डिस्कना एकदमच बुडवते. आम्ही डबा माडीवर ठेवला, पावसाळ्यात वीज ये-जा करते म्हणून त्याला यूपीएस लावला. तरी घर एकच. म्हणून तिसरी प्रत एका सुट्या हार्ड डिस्कवर पुण्याला आपाकडे असते. ती ईदला येताना घेऊन येते, आम्ही नवे भरून परत देतो. नऊ कॅसेट दुसऱ्या घरी होत्या म्हणूनच वाचल्या होत्या. एवढी साधी गोष्ट शिकायला आम्हाला एक पूर लागला.

अम्मीला आता कंट्रोलरचे बटण जमते. असरनंतर ती अब्बांची फीत लावते. पडद्यावरून "तू कोणाचा रे?" ऐकू आले की आमचा मुलगा, ज्याला अब्बांनी नीटसे पाहिलेही नाही, आतल्या खोलीतून ओरडतो, "तुमचाच, दादा!" आणि अम्मी ती फीत पुन्हा मागे नेते.