आधी माप, मग मत

जुना होऊन बंद पडलेला संगणक आणि नवा भाग बसवल्यावर सुरू न होणारा संगणक, हे दोन वेगळे रोगी आहेत. पहिल्याचं काय बिघडलं हे शोधायला अंधारातच सुरुवात करावी लागते. दुसऱ्याच्या बाबतीत एक मोठी गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते: काल तो चालत होता. म्हणजे कालपर्यंतचं सगळं धड आहे, असं धरून चालायला हरकत नसते. दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोलाचा धागा मिळत नाही, आणि घाईत सगळ्यात आधी तुटतो तोही हाच.

सिकंदराबादच्या पार्क लेनवर चेनॉय ट्रेड सेंटर आहे. हैदराबादेत त्याला सगळे सीटीसी म्हणतात. संगणकाचा सुटा भाग हवा असला की अमीरपेटच्या क्लासमधली पोरं, काचीगुडा-बरकतपुऱ्यातले आपले मराठी लोक, जुन्या शहरातले दुकानदार, सगळे तिकडेच वळतात. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड घेतात, घरी जाऊन स्वतः बसवतात, आणि दुसऱ्या दिवशी कॅबिनेट कडेवर घेऊन माझ्याकडे येतात. तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते : "भाई, पंखे घूम रहे, डिस्प्ले नहीं आ रा."

मी ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो ते ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतून निवृत्त झालेले मराठी गृहस्थ होते. ईसीआयएल १९६७ साली हैदराबादेत सुरू झाली. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात आखणी झालेला टीडीसी-१२ हा संगणक तिने १९६९ मध्ये बाहेर आणला. त्या काळच्या माणसांना 'बोर्ड बदलून बघू' ही चैन परवडणारी नव्हती. मीटर लावायचा, आकृती समोर ठेवायची आणि बिघाड कुठे आहे तिथपर्यंत पायरीपायरीने जायचं. सर सांगायचे, "आधी माप, मग मत." माझं सगळं काम या चार शब्दांवर उभं आहे.

म्हणून कॅबिनेट टेबलावर आलं की मी आधी स्क्रू-ड्रायव्हर उचलत नाही, विचारतो. काय बदललं? त्याबरोबर आणखी काय हललं? सुरू होत नाही म्हटल्यावर तुम्ही काय काय करून पाहिलंत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. माणूस घाबरला की एकाच वेळी चार गोष्टी बदलतो: रॅम काढतो, वायर उलटसुलट करतो, बायोसमध्ये जाऊन काहीतरी दाबतो. मग मूळचा बिघाड एक आणि वरून चढलेले तीन, असा गुंता होतो. तो सोडवायला वेळ लागतो, पण रीत सोपी आहे: कमी करत जायचं.

ग्राफिक्स कार्ड काढायचं, सगळ्या डिस्क सोडवायच्या, यूएसबीला जोडलेलं सगळं बाजूला करायचं. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि वीज पुरवणारा एसएमपीएस, एवढ्यावर मशीन उठतं का ते पाहायचं. प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसेल तर कार्ड ठेवावंच लागतं. उठलं तर एकेक भाग परत जोडायचा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघायचं. दोन भाग एकदम जोडायचे नाहीत. एक रॅम लावायला आणि सुरू करून बघायला पाच मिनिटं जातात, पण त्या पाच मिनिटांत मिळालेलं उत्तर पक्कं असतं.

विजेपासून सुरुवात करावी. पंखे फिरतात म्हणजे वीज पोचली, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. बोर्डाला चोवीस पिनांची मोठी वायर लागते, पण प्रोसेसरला वरच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते. नवा पंखा बसवताना ती निघाली आणि परत लावायची राहिली, तर पंखे जोरात फिरतात आणि पडदा काळाच राहतो. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. त्याला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. आठ पिनांच्या वायरमधून आणखी १५०. मोठं कार्ड घेतलं आणि जुना, हलका एसएमपीएस तसाच ठेवला, तर मशीन डेस्कटॉपपर्यंत जातं आणि गेम सुरू केला की पटकन बंद होतं. इथे मीटर बोलतो. बारा व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये असली पाहिजे. भार पडल्यावर ती त्याखाली घसरली, तर नवं कार्ड निर्दोष आहे.

रॅमच्या बाबतीत हात थोडा ठाम लागतो. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. दोन्ही बाजूंनी नीट बसल्याचा आवाज आला पाहिजे. जुन्या पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलकेच पुसले की कितीतरी मशीन जागी होतात. डीडीआर५ असेल तर आणखी एक गोष्ट हवी: धीर. नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा बोर्ड तिच्याशी वेळेचं गणित जुळवत बसतो. त्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. माणसं तेवढ्यात बटण दाबून बंद करतात, पुन्हा चालू करतात, आणि बोर्डाला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात.

कधी दोष कोणत्याच भागात नसतो, ओळखीत असतो. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आलं. २०१८ चा बी४५० बोर्ड आणि २०२० च्या अखेरीस आलेला रायझन ५००० चा प्रोसेसर एकमेकांत अगदी बरोबर बसतात. पण बोर्डावरचं बायोस जुनं असेल तर त्याला हा प्रोसेसर माहीतच नसतो. काही बोर्डांवर नुसत्या पेन ड्राइव्हने बायोस बदलता येतं. ती सोय नसेल, तर जुना प्रोसेसर परत लावायचा, बायोस अपडेट करायचं आणि मग नवा बसवायचा. म्हणून मी सांगतो, नवा चालू झाल्याशिवाय जुना विकू नका.

काचीगुड्यातले एक कर सल्लागार एकदा आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. एम.२ एसएसडी बसवल्यावर मशीन झकास सुरू झालं होतं, पण ज्या जुन्या हार्ड डिस्कवर टॅलीचा सगळा हिशेब होता ती दिसेनाशी झाली होती. कुणीतरी त्यांना डिस्क गेली असं सांगून डेटा काढायचा खर्चही ऐकवला होता. मी डिस्कला कान लावला. ती नीट फिरत होती. बोर्डाची पुस्तिका उघडली. बऱ्याच बोर्डांवर एम.२ चा स्लॉट आणि साटाचा एखादा पोर्ट एकाच वाटेवर असतात. पंगतीत पाट मोजकेच, एक पाहुणा वाढला की एकाला उठावं लागतं. डिस्कची वायर शेजारच्या पोर्टमध्ये घातली आणि हिशेब जसाच्या तसा समोर आला. "दादा, वर्षभराची झोप परत दिलीत," असं ते म्हणाले. त्या कामाचे मी फक्त तपासणीचे पैसे घेतले, कारण तेवढंच केलं होतं.

याच्या उलटा, खरोखर धोक्याचा प्रसंग प्रोसेसर बदलल्यावर येतो. काही बोर्ड पहिल्याच पडद्यावर सांगतात की नवा प्रोसेसर आढळला आहे, सुरक्षेच्या चाव्या पुसायच्या का? वाय किंवा एन. लोक वाचत नाहीत, वाय दाबतात. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, चालू असेल तर विंडोज मग ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती कुठेच लिहून ठेवलेली नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काहीच हाती येत नाही, आणि माझ्यासारख्याच्या हातातही तिथे काही उरत नाही. आजकाल भाग बसवायला देण्याआधी मी गिऱ्हाइकाला ती की कागदावर उतरवून आणायला लावतो.

या सगळ्यात हैदराबादचा उन्हाळाही आहे. मार्च-एप्रिलमध्ये दख्खनची हवा इतकी कोरडी होते की गालिच्यावरून चालत येऊन बोर्डाला हात लावला तर बोटातून ठिणगी जाऊ शकते. जुन्या घरांत अर्थिंगही भरवशाचं नसतं. रॅम हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मुलांनाही तेच शिकवा. यासाठी पैसे लागत नाहीत.

इतकी वर्षं हे काम करून मला एक गोष्ट पक्की पटली आहे. अपग्रेडनंतरचा बिघाड बहुतेक वेळा नव्या भागात नसतो आणि जुन्यातही नसतो. तो दोघांच्या जोडणीत असतो. अशा वेळी 'बोर्ड गेला' असं सांगून टाकणं दुरुस्ती करणाऱ्याला फार सोपं असतं. समोरचा माणूस ते तपासू शकत नाही, तो फक्त विश्वास ठेवू शकतो. अमीरपेटला खोली भाड्याने घेऊन कोडिंग शिकणाऱ्या मुलासाठी एक बोर्ड म्हणजे दोन महिन्यांचं जेवण असतं. म्हणून मोजल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे माझ्या लेखी कारागिरीपेक्षा सचोटीचं काम आहे. नव्या पोरांना मी हत्यारं नंतर देतो. आधी मीटर देतो, बोर्डाची पुस्तिका देतो, आणि गिऱ्हाइकाचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसायला सांगतो.