सकाळचे तीन सेकंद

साहित्य शिकविणारी माणसे ऐकण्याविषयी फार बोलतात. ओवीच्या चौथ्या चरणाचे आखूडपण डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळले पाहिजे, असे आम्ही गेली अठरा वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. म्हणूनच ही हकिकत लिहिताना संकोच वाटतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत एक आवाज रोज सकाळी आमच्या कानांवर पडत होता आणि आम्हा दोघांपैकी एकानेही तो ऐकला नाही.

आम्ही दोघे एकाच मराठी विभागात शिकवितो, विरारला एकाच सोसायटीत राहतो आणि निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेल्या एका जुन्या पेट्रोल गाडीने वसईला महाविद्यालयात जातो. थंड इंजिन सुरू केले की दोन-तीन सेकंद, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट होई आणि मग थांबे. 'थांबतो आहे ना, मग झाले,' असे म्हणून आम्ही रेडिओ लावीत असू.

शेजाऱ्यांची गाडी पाहायला आलेल्या वालीवच्या एका मेकॅनिकने तो आवाज लांबूनच ओळखला. "सर, टायमिंग चेनचा टेन्शनर गेलाय. ऑइल कधी बदललं होतं?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोन वेळा बदलायचे राहून गेले होते.

मग आम्ही अभ्यासाला लागलो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. हे प्रमाण साखळी सांभाळते. साखळी सैल पडू नये म्हणून टेन्शनरचा दट्ट्या तिच्या पट्टीला रेटून धरतो. त्याला आतून स्प्रिंगचे आणि तेलाच्या दाबाचे बळ असते. दट्ट्या झिजला की रात्रभरात त्यातले तेल ओघळून जाते आणि सकाळी दाब चढेपर्यंत साखळी आपटत राहते. ती एखादा दात ओलांडून घसरली, तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. कवितेतील ताणावरचा ॲलन टेट यांचा १९३८ सालचा निबंध आम्ही एम.ए.ला भक्तिभावाने वाचला होता. ताण गेल्यावर खरोखर काय होते, हे मात्र आता कळत होते. 'ताणक' असा एक प्रतिशब्दही आम्ही तयार केला. स्पेअर पार्टच्या दुकानात तो उच्चारण्याचा धीर झाला नाही.

मेकॅनिक शिमग्याला गावी निघाला होता. "तुमच्या गाडीत तो बाहेरून आहे, दोन नटांवर. पण मी येईपर्यंत गाडी काढू नका," असे तो म्हणाला. पुस्तक वाचून अर्थ लावणे हा तर आमचा व्यवसाय! आम्ही रविवारी पाने घेऊन बसलो.

आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि बॅटरीची तार सोडली. क्रँकची पुली पान्याने हळूहळू फिरवून पहिला पिस्टन सर्वांत वर आणला. वरचे झाकण उघडले, तर कॅमच्या दोन चक्रांवरील खुणा समोरासमोर नव्हत्या. आणखी एक पूर्ण फेरा दिल्यावर त्या आल्या. टेन्शनर काढल्यानंतर क्रँक तसूभरही हलवायचा नाही, ही अट आम्ही पाळली. नवा टेन्शनर दट्ट्या आत दाबून, आकड्यात अडकवून बसविला. मग क्रँक किंचित उलटा फिरवून आकडा सोडविला. दट्ट्या पुढे आला. शेवटी दोन फेरे हाताने सुलट फिरवून पाहिले.

आणि येथे आम्ही घाबरलो. चक्रांवरच्या खुणा जुळत होत्या. परंतु पुस्तकातील चित्रात त्या खुणांवर दिसणाऱ्या साखळीच्या रंगीत कड्या आमच्याकडे भलतीकडेच होत्या. एकाचे म्हणणे, साखळी घसरली. दुसऱ्याचे म्हणणे, चित्र चुकले. संध्याकाळ भांडणात गेली. उत्तर रात्री सापडले, तेही तालाच्या हिशेबात. सोळा मात्रांच्या त्रितालात सात मात्रांचा तुकडा घोळविणाऱ्याला पुन्हा समेवर यायला सात आवर्तने लागतात. तसेच, समजा कॅमच्या चक्राला ३६ दात आणि साखळीला १०० कड्या असतील, तर तीच कडी त्याच खुणेवर यायला कॅमचे २५ आणि क्रँकचे ५० फेरे लागतील. रंगीत कड्या साखळी प्रथम चढविताना उपयोगी पडतात; नंतर पाहायच्या त्या चक्रांवरच्या खुणा. चित्र बरोबर होते आणि साखळीही. आमचे वाचन तेवढे चुकले होते.

सोमवारी तेल बदलून चावी फिरविली. पुन्हा खडखडाट! नव्या टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंत तो व्हायचाच होता. मंगळवारी सकाळी काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून आम्ही बसलो. इंजिन सुरू झाले, आणि बाकी काही ऐकू आले नाही.

परत आलेल्या मेकॅनिकने काम पाहिले. "बरं केलंत. पण चेनही ताणली गेलीय. आज ना उद्या तीही बदलावी लागेल."

आम्हाला त्याच वेळी द्वितीय वर्षातला एक विद्यार्थी आठवला. दिवाळीनंतर तो आठवड्यातून एक दिवस, मग दोन दिवस येईनासा झाला होता. आला की हजेरी लावून आम्ही पुढे जात असू. 'येतो आहे ना, मग झाले.' फेब्रुवारीत तो यायचाच थांबला. वालीवच्या एका कारखान्यात रात्रपाळी करतो, एवढे इतरांकडून कळले होते. त्या संध्याकाळी आम्ही त्याला फोन केला. घरचे सगळे त्याने सांगितले. आम्ही मध्ये बोललो नाही. परीक्षेचे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बघतो, सर."

साखळी अजून जुनीच आहे. रेडिओ आम्ही आता अर्नाळ्याचा फाटा ओलांडल्यावरच लावतो.